डावा कान

संगीतशाळेच्या बाई काउंटरला टेकून उभ्या होत्या आणि पेटीवाला त्यांना फोनवर दुहेरी भात्याच्या एका जुन्या पेटीचा व्हिडिओ दाखवत होता. वाजवणाऱ्याचा हात नुकता वरच्या सप्तकात गेला होता, तेवढ्यात खालून एक निळी पट्टी सरकत वर आली. ‘डाव्या कानाने कमी ऐकू येतं? यंत्र तुमच्या विम्यात बसतं.’ अक्षरांशेजारी पिकल्या केसांचा एक माणूस लॉटरी लागल्यासारखा हसत होता. पेटीवाल्याने फोन काउंटरवर पालथा घातला. जरा जोरातच घातला असावा, कारण बाई दचकल्या.

“काय झालं हो काका?”

“काही नाही. जाहिरात. हल्ली फार मध्ये मध्ये येतात.”

“माझ्या फोनवर तर सारखे गुडघेच येतात,” बाई हसल्या. “मी कुठे कुणाला सांगायला गेले होते माझे गुडघे दुखतात म्हणून!”

तो हसला नाही. हसायला हवं होतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. बाईंनी पर्स खांद्याला लावली, काउंटरला वळसा घालून त्या त्याच्या उजव्या अंगाला आल्या आणि म्हणाल्या, “शाळेच्या पेट्यांचं बघू आपण सावकाश. घाई नाही काही.” मग पायऱ्या उतरून गेल्या. वळसा कशाला? दार तर डाव्या बाजूला होतं.

डाव्या. नुसतं ‘कानाने’ असतं तर त्याने सोडून दिलं असतं. म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाला कान, डोळे, गुडघे सगळं विकायला निघतात लोक; अंदाजाने दगड मारतात, लागला तर लागला. पण हा दगड अंदाजाने मारलेला नव्हता. डावा कान गेला आहे हे जगात कुणाला ठाऊक होतं? त्याला, कानाच्या डॉक्टरीणबाईंना आणि विम्याच्या कंपनीला, कारण तपासणीचं बिल विम्यातून गेलं होतं. बायकोलासुद्धा त्याने सांगितलं होतं की कानात मळ होता, काढून आलो. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि “बरं झालं,” एवढंच म्हणाली. आता त्या ‘बरं झालं’चाही त्याला संशय येऊ लागला. इतक्या लगेच विश्वास ठेवणारी बाई नव्हे ती. दुधात पाणी आहे की नाही हे दूधवाल्याच्या चालण्यावरून ओळखणारी ती.

तो पुन्हा कामाच्या पाटावर बसला. समोर बुवांची पेटी उघडी पडली होती, झाकण बाजूला, पितळी जिभांच्या रांगा उघड्या. बुवा म्हणजे सभागृहात दर महिन्याला गाऊन निरूपण करणारे, आणि ही त्यांची स्वतःची पेटी, जी ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. काळी दोनच्या पट्टीत लावलेली. येत्या निरूपणाच्या आत ती द्यायची होती. त्याने भाता दाबला, एक सूर सोडला, मग त्याच सुराची जोडीची जीभ सोडली. दोन जिभा एकमेकींच्या जवळ असल्या पण एक नसल्या की मधे हवा डोलते. ते डोलणं मंद मंद होत थांबलं की सूर लागला. आयुष्यभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं. हे डोलणं ऐकायचं, कानशीचा एक हलका हात द्यायचा, पुन्हा ऐकायचं. हल्ली तो उजवा कान पेटीच्या लाकडाजवळ नेऊन ऐकायचा, आणि फारच बारीक काम असलं तर दात लाकडाला टेकवायचा. दातांतून डोलणं कवटीत चढायचं आणि आत कुठेतरी, कान नसलेल्या जागी, ऐकू यायचं. हे करताना तो आधी दुकानाच्या दाराकडे बघून घ्यायचा. पेटी चावणारा पेटीवाला कुणी पाहिला असता तर काय म्हणालं असतं?

घाई नाही काही. हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. वडिलांच्या वेळी दुकानात एक म्हातारा कारागीर यायचा, सगळे त्याला नाना म्हणत. नानांचा हात सोन्याचा होता, असं वडीलच म्हणायचे. मग एके वर्षी नानांनी लावलेल्या पेट्या परत येऊ लागल्या. वडील काही बोलले नाहीत. नाना सकाळी यायचे, पिशवीतून आपली कानस काढून पुसायचे आणि विचारायचे, “आज काय आहे?” वडील म्हणायचे, “बसा नाना, घाई नाही.” नाना बसायचे. दुसऱ्या दिवशीही घाई नसायची. एकदा ते उठून गेले ते पुन्हा आलेच नाहीत, आणि वडिलांनी रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हटलं, “मी त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही.” शाळकरी वयात त्याला ते फार मोठेपणाचं वाटलं होतं. आता पाटावर बसल्या बसल्या त्याला नानांची ती पिशवी दिसली आणि तिच्या तळाशी कानशीने पाडलेलं भोक दिसलं.

मग कोण? डॉक्टरीणबाई नव्हेत, त्यांच्यावर संशय घेणं पाप वाटत होतं, जरी त्यांनी त्याची चोरी पकडली होती. काचेच्या एका बंद खोलीत त्यांनी त्याला बसवलं होतं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पहिला सूर आला, मग त्याचाच वरच्या सप्तकातला, मग त्याच्याही वरचा. यंत्र एकच स्वर घेऊन जिना चढत होतं, हे त्याला लगेच कळलं. असा उजवा कान झाला आणि डावा सुरू झाला. पहिल्या दोन पायऱ्या ऐकू आल्या, आणि मग जिना धुक्यात गेला. पण पुढची पायरी कुठे असणार हे त्याला ठाऊकच होतं. ती किती वेळाने येते तेही एव्हाना अंगात बसलं होतं. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. सम चुकली नाही. बाहेरून डॉक्टरीणबाईंनी दार उघडून विचारलं, “काका, तुम्ही ऐकताय की अंदाज बांधताय? मी मघापासून काही वाजवलेलंच नाही.” त्याला कॉपी करताना धरलेल्या पोरासारखं झालं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आतली नस गेलीये. परत येत नाही. पण यंत्राने बरंच निभावतं, आणि तुमच्या विम्यात बसेल.” नाही, त्या कुणाला सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

उरला जावई. विमा त्यानेच काढला होता, सगळ्या कुटुंबाचा मिळून. फोनवर ॲप त्यानेच टाकून दिलं. आता ॲपमध्ये बघायला कसली अडचण? कोणत्या दिवशी कुठल्या डॉक्टरकडे, कशासाठी, सगळं तिथे ओळीने मांडलेलं असणार. जावई कॉम्प्युटरवाला, गोड बोलणारा, वाकून नमस्कार करणारा. इतका वाकणारा माणूस खाली बघून काय शोधत असतो? गेल्या खेपेला त्याने टीव्हीचा आवाज कुणी न सांगता वाढवला होता. तेव्हा वाटलं, पोरगा जुन्या गाण्यांचा शौकीन आहे. आता वाटलं, नाही. त्याला माहीत होतं. आणि त्याने ते लेकीला सांगितलं, लेकीने आईला, आईने... इथपर्यंत आलं की साखळीला कुठेही नेता येत होतं. बायको रस्त्याने चालताना त्याच्या उजव्या बाजूला चालायला लागली होती. आधी नेहमी डाव्या बाजूला असायची; लग्नापासून. ठोक्याने बाकावरची जागा बदलली होती. ठोक्या म्हणजे त्याचा तबलजी मित्र, शाळेपासूनचा. सकाळी दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचा, मांडीवर बोटं वाजवत गल्लीतल्या प्रत्येकाला नावं ठेवायचा. तो कायम दाराच्या डाव्या अंगाला बसे. आता उजवीकडे बसू लागला होता. विचारलं तर म्हणाला, “तिकडे ऊन येतं.” तिकडे ऊन कधीच येत नव्हतं, समोर चार मजले होते. बुवांनी पेटी देताना त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला होता आणि वाकून, उजव्याच कानाशी म्हटलं होतं, “सावकाश करा.” तेव्हा माया वाटली होती. आता तीच गोष्ट आठवली की अंगावर काटा येत होता. सगळं गाव त्याच्या एका बाजूला गोळा झालं होतं आणि दुसरी बाजू रिकामी, थंड, वारा सुटलेल्या मैदानासारखी पडली होती. आणि त्या रिकाम्या बाजूलाच बहुधा त्याच्याबद्दल बोलणं चाललेलं होतं.

बुवांनी एकदा निरूपणात सांगितलं होतं, पेटीचा सूर धरून, डोळे मिटून: “देवाला तुमचं सगळं ठाऊक आहे. तुम्ही स्वतःशी बोलायला लाजता तेही. पण मला सांगा मायबाप, त्याने आजवर कुणाची चहाडी केली आहे का?” सभागृहातल्या बायकांनी पदराने डोळे टिपले होते. त्यालाही भरून आलं होतं. सगळं जाणायचं आणि गप्प राहायचं, हे एकालाच जमतं, आणि म्हणून त्याच्यापुढे हात जोडायचे. पण ही निळी पट्टी! तिलाही सगळं ठाऊक होतं. कुठली ही, कुणाची, हिला कोणी बसवलं अंतःकरणात? आणि ही गप्प राहणारी नव्हती. चारचौघांत, गिऱ्हाइकापुढे, तोंड वर करून बोलणारी.

त्याने लेकीला फोन केला नाही. सरळ जावयाला केला. सुट्टीच्या दिवशी जावई आला. दुकानाच्या पायरीवर चपला काढून, नेहमीसारखा वाकून.

“काय झालं बाबा? आवाज फार चढला होता तुमचा फोनवर.”

“चढणारच. जावईबापू, सरळ विचारतो. माझ्या ॲपमधलं तुम्ही बघता की नाही?”

जावई पाटाशेजारच्या स्टुलावर बसला. उजवीकडच्या. “नाही.”

“न बघता टीव्हीचा आवाज वाढवलात?”

“टीव्हीचा?” तो गोंधळला. मग त्याचा चेहरा लाल झाला. “ते... ते तुमच्यासाठीच वाढवला होता. पण ॲपमधून नाही कळलं. तुमचं खातं मी पहिल्या दिवशीच वेगळं करून दिलंय. त्याचा पासवर्ड तुम्ही घातलात, मला पाठ फिरवायला लावून. आठवतं? मला तुमचं काहीच दिसत नाही.”

“पासवर्ड ओळखला असेल तुम्ही.”

“तो तर बाबा कुणीही ओळखेल,” जावई म्हणाला आणि पहिल्यांदाच थोडा हसला. “काळीदोन ना? अहो, गावातला कुठलाही गाणारा पहिल्या झटक्यात तेच टाकेल. बदला तो आजच. पण आधी ती जाहिरात दाखवा.”

फोन जावयाच्या हातात देताना त्याला उघड्यावर कपडे काढल्यासारखं वाटलं. जावई बोट फिरवत राहिला. बाहेर ठोक्याची बोटं बाकावर चालली होती, ती थांबली. मग जावयाने फोन त्याच्यासमोर धरला. पडद्यावर तीच निळाई होती, तोच हसरा माणूस. ‘यंत्र तुमच्या विम्यात बसतं का? एका मिनिटात बघा.’ खाली चौकटी. नाव. जन्मतारीख. पॉलिसीचा नंबर. कोणता कान.

“हे भरलं होतंत तुम्ही?”

त्याला आठवलं. तपासणीनंतरची दुपार होती. दुकान अर्धं लावून तो आत बसला होता. विम्याच्या ॲपमध्ये विचारायचं त्याने टाळलं होतं, कारण ॲप म्हणजे जावई, आणि जावई म्हणजे घर. घराला कळायला नको म्हणून त्याने दुसरीकडे शोधलं होतं. हे पान सापडलं. किती अदबीने विचारत होतं ते! ‘आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे’ असं कुलपाच्या चित्राशेजारी लिहिलं होतं. ते कुलूप पाहून त्याला हायसं वाटलं होतं. आपल्या माणसांपासून लपवायचं म्हणून त्याने सगळं रस्त्यावरच्याला दिलं होतं. आणि ‘कोणता कान’ या चौकटीपाशी, डावा, असं लिहिताना, मनातलं कुणाला तरी सांगितल्याचं समाधानही वाटलं होतं. हे आत्ता आठवून त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

“ही विम्याची कंपनी नाही, बाबा. मधलेच कुणीतरी. माहिती गोळा करतात आणि यंत्र विकणाऱ्यांना विकतात. त्यांच्याकडून कुणीही घेतं. नंबर आणि जन्मतारीख हाती आली की तुमच्या नावावर उपचार दाखवून क्लेमसुद्धा लावतात कुणीकुणी. मग तुम्हाला खरंच यंत्र घ्यायचं होईल, तेव्हा कंपनी म्हणेल, तुमचं तर घेऊन झालं.”

“म्हणजे माझा कान दुसरा कुणी वापरणार.”

“तसंच काहीसं. कंपनीला आत्ता कळवू, ते नंबर बदलून देतात.”

पण पेटीवाल्याचं मन तिथे नव्हतं. पानाने कान विकला, ठीक. पानाने यंत्रवाल्याला सांगितलं असेल, पण ठोक्याला? बुवांना? त्या पानाने बायकोला रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायला सांगितलं? संशयाचा एक धागा सुटला होता आणि दुसरा जास्तच आवळला होता. तो उठून दारात गेला. ठोक्या बाकावर, उजवीकडे, आभाळाकडे बघत बसला होता.

“ठोक्या. खरं सांग. तुला कुणी सांगितलं?”

“काय?”

“तुला ठाऊक आहे काय ते.”

ठोक्याने मांडी बदलली. त्याच्यासारख्या फटकळ माणसाला शब्द शोधताना पाहणं विचित्र होतं. “तूच सांगितलंस, लेका.”

“मी? कधी?”

“सगळ्या गल्लीला सांगितलंस. तुला फोन आला होता ना, विम्याकडून बोलतोय म्हणणारा तो यंत्रवाला. तू पेटी खोलून बसला होतास, दोन्ही हात गुंतलेले, फोन पाटावर, स्पीकर चालू. त्याने विचारलं, कुठला कान? तू ओरडलास, डावा! त्याने विचारलं, जन्मतारीख? तीही ओरडलास. पॉलिसीचा नंबर दोनदा सांगितलास, कारण पहिल्यांदा त्याला कळला नाही. आम्हाला कळला होता. समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकत होता. बुवा पेटी द्यायला आले होते, ते या पायरीवर उभे होते. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या त्यांच्या मागे. अरे, दिवसाकाठी पाचपंचवीस माणसं जातात या गल्लीतून. कुणाकुणापासून लपवणार होतास?”

“मी हळू बोलत होतो,” तो म्हणाला.

“तू आत्तापण हळूच बोलतोयस,” ठोक्या म्हणाला. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली होती आणि तिथली म्हातारी खाली बघत होती.

तो आत येऊन पाटावर बसला. त्याला स्वतःचा आवाज आठवून पाहायचा होता. तपासणीच्या काचेच्या खोलीत जिना जसा धुक्यात गेला होता तसाच आपला आवाजही आपल्याला सोडून कधीपासून पुढे निघून जात होता आणि आपण मागे उभे राहून त्याला कुजबुज समजत होतो. म्हणजे ते सगळे पायरीवर उभे होते. ऐकत होते. आणि कुणी काही बोललं नाही. बायको डबा ठेवून “जेवून घ्या,” म्हणून गेली. चोर शोधत फिरावं आणि खिशात आपलाच हात सापडावा, तसं झालं होतं. आणि तो हात काढायचा कसा हेच सुचत नव्हतं.

कंपनीला फोन लावला तेव्हा जावयाने स्पीकर बंद करून फोन त्याच्या उजव्या कानाला लावला आणि दार ओढून घेतलं. “हळू बोला, बाबा.” हळू म्हणजे किती? पलीकडून एक मुलगी जन्मतारीख विचारत होती. तेव्हा मागोमाग आत आलेला ठोक्या त्याच्यासमोर येऊन बसला आणि त्याने हाताचा पंजा हवेत धरला, साथीला बसल्यावर गाणाऱ्याला खूण करतो तसा. पेटीवाला बोलू लागला. पंजा खाली गेला. त्याने आवाज खाली आणला. पंजा आणखी खाली. आणखी. आता त्याला वाटत होतं की आपण फक्त ओठ हलवतोय, पण ठोक्याने डोळे मिटून मान डोलावली, लागला सूर. पलीकडच्या मुलीला सगळं ऐकू येत होतं. जुना नंबर बंद झाला. नवा आला. पासवर्ड बदलला, तो काय ठेवला हे त्याने ठोक्यालाही कळू दिलं नाही, दोघांनाही पाठ फिरवायला लावली.

“जन्मतारीख तेवढी राहिली बदलायची,” ठोक्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “माझी लाव. तीन वर्षांनी तरुण होशील.”

सगळे हसले. तोही हसला. पण जावई आणि ठोक्या गेले, बुवांची पेटी तेवढी समोर उरली, आणि मग ते आलं जे या सगळ्याच्या मागे दबा धरून बसलं होतं. नंबर बदलता येतो, पासवर्ड बदलता येतो. पण ते सगळे तेव्हापासून जाणत होते, तर तेव्हापासून त्यांनी त्याला जे जे म्हटलं ते काय होतं? शिंप्याच्या पोरीची पेटी त्याने लावून दिली तेव्हा शिंपी म्हणाला होता, “वा, काय गोड झाली.” ती गोड झाली होती की कानाची कीव होती? ठोक्या म्हणाला होता, “तुझ्यासारखा हात नाही गड्या.” कधी म्हणाला होता? त्या फोनच्या आधी की नंतर? बाईंची घाई नव्हती. आता त्याच्या हातून उतरलेला सूर गेला तरी कुणी पेटी परत आणणार नव्हतं. नाना निदान परत आलेल्या पेट्या बघू शकत होते. ही चोरी त्या पानाने केली होती की त्याच्या आवाजाने, कुणास ठाऊक, पण चोरीला गेलं होतं ते हे: कौतुक ऐकून ते खरं मानायची सोय. त्याने दात लाकडाला टेकवले. जिभा डोलत होत्या की त्याचेच दात कापत होते, कळेना. तशातच त्याने पेटी बंद केली आणि पोचवून दिली.

त्या संध्याकाळी बायकोला त्याने सांगितलं. ती भाजी निवडत होती. मळ नव्हता, नस गेलीये, डावीकडची, असं तो म्हणाला, ठोक्याचा पंजा डोळ्यांपुढे ठेवून, शक्य तितकं हळू. तिने भाजी बाजूला सारली. “अहो, मला ठाऊक होतं,” ती म्हणाली, “पण तुम्ही सांगितलं नव्हतंत.” आणि ओल्या हातांनीच डोळे पुसले. ठाऊक असण्यात आणि सांगितलं जाण्यात एवढं अंतर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण ‘माझ्या हाताला अजून सूर आहे का’ हे त्याने तिला विचारलं नाही. ती ‘आहे’च म्हणाली असती.

निरूपणाला तो बायकोच्या आग्रहाने गेला आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला. सभागृह भरलेलं. ठोक्या पुढे, तबल्यावर हातोडी फिरवत. बाई मधल्या रांगेत. त्यांनी मागे वळून हात केला. त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बुवांनी पेटी पुढे ओढली, भात्यावर हात ठेवला, डोळे मिटले. पहिले सूर आले. तो उजवा कान पुढे करून, श्वास धरून बसला. निरूपण रंगू लागलं. बुवा एका आंधळ्या मुलाची गोष्ट सांगत होते, जो आईला तिच्या पावलांवरून ओळखायचा, आणि आई कधी कधी मुद्दाम पावलं न वाजवता यायची, त्याला हसवायला. लोक हसत होते. बुवा वर चढले, तार सप्तकात, जिथे मुलगा म्हणतो, मी तुला ओळखलं. आणि थांबले. भाता सुटला. हवा सुस्कारा टाकून निघून गेली. बुवांनी तोच सूर पुन्हा दाबला. एकटा. लांबवला.

“पेटीवाले आले आहेत का?”

सगळं सभागृह वळलं. बायकोने त्याच्या हाताला धरलं.

“अहो पेटीवाले, हा वरचा गंधार काय केलाय? बोचतोय मला. माझं पोरगं आईजवळ पोचलं आणि दारात ठेचकाळलं. या इकडे.”

इतक्या लोकांसमोर! कुणीतरी हळहळलं. बाईंनी मान खाली घातली; ठोक्या बुवांकडे डोळे वटारून बघत होता. पण पेटीवाल्याच्या छातीत काहीतरी सैल होत गेलं, गाठ सुटावी तसं, आणि त्याचं तोंड आपोआप रुंद झालं. बोचतोय. उतरलाय म्हणून बोचतोय! मग बाकीचे बोचत नव्हते. खालची दोन्ही सप्तकं, सगळे कोमल, सगळे शुद्ध, ज्यांच्यावर बुवा इतका वेळ निश्चिंत चालत होते, ते लागलेले होते. पायरीवर उभं राहून सगळं ऐकलेल्या या माणसाने त्याची एवढीशी चूकसुद्धा पोटात घातली नव्हती. तो उठला. पिशवीतून कानस काढली. रांगांमधून वाट काढत जाताना बाईंच्या खुर्चीपाशी थांबला.

“बाई, माझा डावा कान गेलाय. यंत्र आणतोय. पेट्या कधी पाठवताय?”

बाईंनी वर पाहिलं. “तुम्ही म्हणाल तेव्हा,” त्या म्हणाल्या. “मी दुसऱ्या कुणाला दिल्याच नाहीत.”

बुवांसमोर मांडी घालून त्याने पेटीचं झाकण उचललं. दाराकडे बघितलं नाही. उजवा कान लाकडावर टेकवला, मग विचार बदलून, सगळ्यांदेखत, दात टेकवले. बुवांनी भाता धरला. तार गंधार त्याच्या कवटीत उभा राहिला, किंचित लंगडत. त्याने जिभेच्या टोकाशी कानशीचा एक हात दिला. पुन्हा. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, इतरांना.

“लागला?” बुवांनी वाकून विचारलं. या वेळी ते समोरूनच बोलले.

“अजून नाही, घाई करू नका,” तो बुवांच्या कानाशी अगदी हळूच म्हणाला, आणि मागून शेवटच्या रांगेपर्यंत सगळं सभागृह हसलं.